निळ्या दोऱ्याचं पांढरं लुगडं

लातूरच्या रुद्राणीताईंना जुन्या साड्या जमवायचा नाद आहे. नाद वाईट नाही. कुणी नाणी जमवतं, कुणी काड्यापेट्या. पण नाणी जमवणारा माणूस प्रत्येक नाण्यावर प्रेमकथा रचत नाही. ताई रचतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं लुगडं हाती लागलं की त्याच्या शेजारी त्या एक चिठ्ठी लावतात, आणि चिठ्ठीतली बाई हटकून खिडकीशी उभी असते. नारायणपेठी नेसलेली नवऱ्याच्या पत्राची वाट बघत खिडकीशी, इरकल नेसलेली लांबून येणारी सतार ऐकत खिडकीशी. त्या काळात आमच्या बिलोली तालुक्यात किती घरांना खिडक्या होत्या, हे त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. कापूस वेचणारी, भाकरी थापणारी, नवऱ्याला चार शिव्या हासडणारी बाई त्यांच्या एकाही साडीत मावत नाही.

मी नांदेडला शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे असलं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. एका रविवारी मोबाइलवर ताईंच्या प्रदर्शनाचा व्हिडिओ मी नाक मुरडत बघत होते. शेजारी माझ्या सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. सुमनबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय चौऱ्याऐंशी, पण नजर घारीची.

"थांब," त्या म्हणाल्या. "मागं घे जरा."

मी मागे घेतलं. दांडीवर एक पांढरं, आता पिवळट पडलेलं लुगडं पसरलं होतं. पदराजवळ वीतभर फाटलेलं, आणि ते निळ्या दोऱ्याने शिवलेलं. मागून ताईंचा भिजलेला आवाज येत होता. "ही एक बालविधवा. सोळाव्या वर्षी हिचे सगळे रंग गेले. पण हा निळा धागा बघा. चोरून जपलेला तिचा एकच रंग. कुणाची आठवण असेल ही?"

"माझं हाय ते," आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

मी व्हिडिओ थांबवला. ते लुगडं घराबाहेर गेलं होतं ते माझ्या हाताने, आणि दोन वर्षं मी त्यांच्याशी खोटं बोलत होते.

आमच्या घरात त्या लुगड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. छप्पन साली सासरे, म्हणजे निवृत्ती, नव्या नवरीला घेऊन दीक्षेला नागपूरला गेले. पांढरे कपडे घालून यायचं होतं आणि घरात पांढरं म्हणावं असं काही नव्हतं. सोळा वर्षांच्या सुमनने पायातले चांदीचे वाळे मोडून लुगडं घेतलं. 'मी गेले की तेच माझ्या अंगावर घाला,' असं त्या वर्षातून एकदा तरी सांगतात. मीही ही गोष्ट दरवर्षी वर्गात सांगते, गळा भरून. पण लुगडं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातलं लुगडं शुभ्र होतं, कडक घडीचं, पेटीच्या तळाशी डांबरगोळ्यांत ठेवलेलं.

दोन वर्षांपूर्वी घराचं रंगकाम काढलं तेव्हा दारात बोहारीण आली. नागसेनच्या तीन पँटी आणि माझ्या दोन साड्यांवर मी एक कडीचा स्टीलचा डबा मागितला. माझ्या नवऱ्याच्या पँटींकडे तिने तुच्छतेने पाहिलं. "अजून कायतरी टाका," ती म्हणाली. आत्याबाईंच्या पेटीत सासऱ्यांची जुनी पुस्तकं एका मोठ्या, मळकट फडक्यात बांधलेली होती. मी पुस्तकं काढून ठेवली आणि फडकं वरून टाकलं. महिन्याभराने आत्याबाईंनी लुगडं कुठं आहे विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. "माळ्यावर आहे, नीट ठेवलंय," असं मी म्हणाले. इतिहासाची बाई मी, आणि हातात इतिहास आला तर तो डब्यावर देऊन टाकला.

व्हिडिओ बघून नागसेन म्हणाला, "वकिलाची नोटीस पाठवू." आत्याबाई म्हणाल्या, "सकाळची बस धरू." हे लातूरला गेलं कसं, असं त्यांनी मला विचारलं नाही. मी त्याच डब्यात भाकरी आणि ठेचा भरला, आणि लोहा, अहमदपूर करत लातूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. खिडकीशी बसलेली बाई कुणाची आठवण काढत नसते, पुढं काय उत्तर द्यायचं ते ठरवत असते, हे ताईंनी एकदा लिहायला हरकत नाही.

हॉलमध्ये चाळीसेक साड्या होत्या. नव्या साड्या नेसलेल्या बायका जुन्या साड्यांपुढे उभ्या राहून फोटो काढत होत्या. आत्याबाई सरळ पांढऱ्या लुगड्यापाशी गेल्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांवर बोट ठेवत त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "बा-ल-वि-ध-वा." मग वळून विचारलं, "कोण मेलं हुतं?"

रुद्राणीताई लगबगीने आल्या. बाई नम्र होती, ते मात्र कबूल करायला पाहिजे. "आजी, ती माझी कल्पना आहे. पांढरं लुगडं, म्हणून..."

"पांढऱ्या लुगड्यातली बाई तुमी इधवाच बघितली का?" आत्याबाईंनी विचारलं. "माझा नवरा शेजारी बसला हुता, पांढरा सदरा घालून. दीक्षा घेतली आमी. गर्दीत कुणाचा तरी पाय पडला न् पदर फाटला. लई रडू आलं मला. मोडलेले वाळे आठवले. शेजारच्या बाईनं चंचीतली सुई दिली. तिच्यापाशी निळाच दोरा हुता. तिचं नावबी म्या इचारलं न्हाई."

ताईंचे डोळे चमकले. त्यांना वाईट वाटलं नव्हतं, त्यांना घबाड मिळालं होतं. "किती सुंदर! आजी, हे आपण रेकॉर्ड करू या. जरा इकडे या, उजेडात," त्या म्हणाल्या. "या खिडकीशी बसता?"

मला हसू आवरेना. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. "रेकाड नगं. लुगडं द्या. मला त्यातच जायचं हाय."

आता ताईंचा आवाज कोरडा झाला. संग्रहातली वस्तू अशी देता येत नाही, त्यांनी ती रीतसर घेतली आहे, कापड विरलंय, हवं तर अगदी तसंच नवं विणून देतील, वगैरे. मग माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि राग मानू नका, पण हे मला बोहारणीकडून मिळालंय. म्हणजे तुमच्याच घरातल्या कुणीतरी ते भांड्यावर दिलं. मी निदान जपलं तरी."

त्या हॉलमध्ये ताईंच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. मला ते खाली मान घालून ऐकावं लागलं.

"मी दिलं," मी म्हणाले. "डब्यावर. आत्याबाई, मला ते फडकं वाटलं."

"ठाऊक हाय मला," आत्याबाई म्हणाल्या. "ज्या दिशी डबा आला, त्या दिशी ह्यांची पुस्तकं पेटीत उघडी पडली हुती."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून बसले. दोन वर्सं झाली."

मला भयंकर लाज वाटली. आत्याबाईंनी मला तिथेच सोडलं आणि ताईंकडे मोर्चा वळवला. चष्मा सारखा करून त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "एवढी लुगडी हायत. ह्यात तुमच्या मायचं कुठलं?"

ताईंनीही नकळत त्या चाळीस साड्यांवरून नजर फिरवली. "आईच्या नाहीत यात. आई गेली तेव्हा मी पुण्यात होते. वहिनीने... बोहारीण आली होती."

"काय आलं?"

ताईंनी दांडीवरच्या एका साडीची कड सारखी केली. "परात," त्या म्हणाल्या.

आत्याबाईंनी नुसती मान डोलावली. ताई दांडीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने लुगडं काढायला लागल्या. त्यांना घडी जमेना. कल्पनेत हजार घड्या मोडल्या असतील, पण नऊ वार कापड आवरायला दोन माणसं लागतात. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता मध्ये येत गेलो आणि घडी लहान होत गेली. लुगडं आत्याबाईंच्या हातात देऊन ताईंनी विचारलं, "चिठ्ठीवर आता काय लिहू?"

"लिवा, बाई जित्ती हाय. येऊन घिऊन गेली."

परतीच्या बसने चाकूर मागे टाकलं. लुगडं आत्याबाईंच्या मांडीवर होतं, आणि निळ्या टाक्यांवरून त्यांचं बोट फिरत होतं. मग त्यांनी डबा मागितला. अर्धी भाकरी स्वतः घेतली, अर्धी मला दिली, आणि झाकण दोनदा उघडून लावून बघितलं.

"डबा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर लुगडं माझ्या अंगावर घाल. डबा तुझ्यापाशी ठिव. रोज भाकरी त्यातच ठिवत जा."