आंदणाचं दार

घर आमचं झालं त्या सकाळी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. लग्न झाल्यापासून कुणाच्या ओसरीला, कुणाच्या पडवीला संसार केला. मालकिणीच्या तोंडाकडे बघून चूल पेटवायची, तिच्या घरी पाहुणे आले की आपला खोकला दाबायचा. आता चूल आपली, धूर आपला, आणि खोकायचं तेही स्वतःच्या घरात!

त्यातून दुसऱ्याच दिवशी पुणतांब्याचे पाहुणे आमच्या पुष्पावतीला बघायला येणार होते. भाड्याच्या खोलीतून दोन स्थळं परत गेली होती. तोंडानं कुणी काही बोललं नाही, पण चहा पिताना त्यांची नजर भिंतीवरून फिरायची आणि कप खाली ठेवेपर्यंत निकाल लागलेला असायचा. म्हणून तर घराची एवढी घाई केली. पाहुणा उंबऱ्यात आला की त्याला वाटलं पाहिजे, हे घर आहे, बिऱ्हाड नाही.

घर आबासाहेबांचं. मुळा धरणाचा पाट त्यांच्या मळ्याजवळून गेला आणि त्यांना गाव नकोसं झालं. पाटाचं पाणी शिवारात आणणारी चारी खोदून तयार होती. पाणी आज येतंय, उद्या येतंय, असं महिनाभर चाललं होतं. बांगलादेशची लढाई लागली आणि संपलीसुद्धा, पण आमच्या शिवारात पाणी काही पोचलं नाही. तरी आबासाहेबांनी मळ्यात कच्च्या विटांचं घर उभं केलं आणि गावातलं आम्हाला विकलं.

मी देवाची पाटी डोक्यावर घेऊन निघाले. पुढे आमचे मालक ट्रंक घेऊन, मागे पुष्पी. आधी खुंट्या दिसल्या. म्हणजे दिसल्या नाहीत. भिंतीला नुसती भोकं. कोनाड्यातली फळी गेलेली. विजेचा बल्ब गेलेला, होल्डरही गेलेला. वायर तेवढी ठेवली होती, बहुतेक शॉकच्या भीतीनं. मी म्हटलं, असू दे, जाणाऱ्या माणसाचा जीव अडकतो एकेका वस्तूत. आणि मग मला उमगलं की हे सगळं मी रस्त्यावरूनच बघतेय. मधे दारच नव्हतं.

दार बैलगाडीत होतं. आबासाहेबांचा धाकटा भाऊ छगन ते दोरखंडानं आवळत होता, आणि वर आबासाहेबांच्या कारभारीण मुक्ताबाई, आम्हा सगळ्यांच्या आक्का, दाराला धरून बसल्या होत्या.

"आबा, हे काय?" आमचे मालक म्हणाले. "दार?"

आबासाहेबांनी फेटा सारखा केला. "म्या काय सांगू? तिला इचारा."

"इचारायचं काय त्यात?" मुक्ताबाई वरूनच गरजल्या. "घर त्यांचं, त्यांनी इकलं. दार माजं हाय. माज्या आंदणाचं."

"दार? आंदणाचं?"

"व्हय! माजा बाप सोयरिकीला आला तवा ह्या घराला दाराच्या जागी तुराट्यांचा झाप हुता. बाप म्हणला, पोरगी देतो, पर झापाआड न्हाई देणार. हंडा दिला, घागर दिली, गादी दिली, आन् आपल्या बांधावरचा लिंब तोडून हे दार दिलं. वरातीत म्होरं वाजंत्री आन् मागं गाडीत दार! साळूबाईला इचारा, तिनं बघितलंया."

तोवर निम्मी आळी जमली होती. साळूबाई गावातलं जुनं माणूस. ती पुढे होऊन म्हणाली, "खरं हाय. नवरी चालत आल्ती, दार गाडीत बसून आलं."

खरेदीखतावर आळीतल्या काकासाहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली होती, त्यामुळे त्यांना बोलणं भागच होतं. "ते काय बी असू दे. कागदात लिवलंय, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाणासह. काष्ठ म्हंजी लाकूड. दार लाकडाचं. मिटलं."

"आन् तुज्या बायकूची आंदणातली घागर तिला न इचारता इकशील का रं?" साळूबाईनं विचारलं. "इकून बघ. मग बस हातानं भाकरी थापत!"

लोक हसले. काकासाहेबही हसले, पण आपल्या घराच्या दिशेनं एकदा बघून घेऊन.

आमच्याकडे आंदणाला कुणी हात लावत नाही. सासरा लावत नाही, दीर लावत नाही, नवऱ्यानं तर लावूच नये. आबासाहेबांनी फसवलं असं मला वाटत नाही. इतकी वर्षं रोज उघडलं, रोज लावलं, त्यांना ते दार आपलंच वाटायला लागलं. नवऱ्यांचं असं होतं.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आंदणातलं पितळी घंगाळ त्या वेळी पुष्पीच्या कडेवर होतं. त्याला कुणी हात लावला असता तर मी तो हात जागेवर ठेवला नसता. मी म्हटलं, "आंदण असंल तर दार आक्कांचं."

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, की भर उन्हात मला थंडी वाजली. "घर मी घेतलं का तू?"

"दोघांनी. म्हणून तर निम्मंच बोलले. आता तुमी बोला."

त्यांनी हातातली ट्रंक खाली आदळली. मग मीच गाडीच्या चाकाला धरून म्हटलं, "आक्का, उद्याचा एक दिवस राहू द्या. पाहुणे जाऊ द्यात, परवा मी डोक्यावर आणून देते."

"आन् आज रातीला? शेरडं हायती, करडं हायती. मळ्यात चौकट हाय, दार न्हाई. लांडग्याला उद्या ये म्हणलं तर थांबंल का? हाण रं छगन!"

गाडी निघाली. पुढे आबासाहेब पायी. मी देवाची पाटी पुष्पीकडे दिली आणि गाडीमागून चालायला लागले.

"तू कुठं निघालीस?" आक्कांनी विचारलं.

"दाराला पोचवायला."

"आता दाराची बी पाठवणी व्हय? रडतीस का काय?"

"वेशीपर्यंत गेल्यावर बघू."

वेस आली, गेली. मी चालतच होते. लांब मागे आमचे मालक येत होते. रागानं की काळजीनं, ते अंतरावरून कळत नव्हतं. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती, पण पाण्याअभावी गुडघ्याएवढीच. आक्का बराच वेळ पाठ फिरवून बसल्या, मग त्यांनाच राहवेना.

"कोन येनार हाय पुणतांब्यावनं?"

"बनुबाई म्हणून आहेत, मुलाची आई. लई नजरेची बाई म्हणतात."

"दार बघून पोरगी करनारी मानसं कशाला पायजेत तुला?"

"झाप बघून पोरगी न देणारा बाप चालतो व्हय मग?"

छगन खो-खो हसला. बैलसुद्धा थबकल्यासारखे झाले. आक्कांनाही हसू फुटलं. "जिभेला हाड न्हाई तुज्या. ये, बस वर. पाय दुकतील."

मी वर चढले. दाराच्या एका बाजूला त्या, एका बाजूला मी. आता कुठल्या शब्दानं सुरुवात करावी याचा मी विचार करत होते, तेवढ्यात पाटाकडून आरडाओरडा ऐकू आला. आधी मला वाटलं कुणाला साप चावला. मग शब्द कळले.

"सुटलं! पाणी सुटलं! पाटाला पाणी आलं रे!"

छगननं कासरा सोडला आणि गाडी तशीच टाकून पळाला. आम्हीही उड्या मारल्या. मळ्यातून, बांधावरून, ज्वारीतून माणसं धावत होती. बायका हातातलं खुरपं तसंच घेऊन, कुणी अर्धी भाकरी मुठीत धरून. आणि चारीतून ते येत होतं. पाणी म्हणावं तर पाण्यासारखं दिसेना. तांबडं, फेसाळ, पुढे काडीकचरा, नाकतोडे आणि कुणाची तरी एक चप्पल ढकलत, माणसाच्या चालीनं येत होतं. कोरड्या मातीत शिरताना चुर्र आवाज करत होतं. पोरं त्याच्या पुढे पुढे उलटी धावत त्याला "ये, ये" म्हणत होती. आक्कांनी कपाळाचं कुंकू बोटानं काढून पाण्यात सोडलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. माझी तर तिथे वीतभर जमीनसुद्धा नव्हती.

पाणी वळणावर आलं आणि फुगलं. चारीची माती कोरी, त्यात उंदरांनी पोखरलेली. आक्कांच्या नव्या घराच्या बरोबर वर भराव आधी पाझरला, मग ढेकूळ निसटलं, मग हातभर भगदाड पडलं. पाणी सरळ अंगणात. अंगणात शेरडं बांधलेली, ती ओरडायला लागली. आणि भिंती कच्च्या विटांच्या!

"माती टाका! पोती आणा!"

माती टाकली, वाहून गेली. दगड टाकले, ते घरंगळत अंगणात गेले. पोत्यांत माती भरेपर्यंत भगदाड दाराएवढं झालं. आबासाहेब स्वतः आडवे पडायला निघाले होते, त्यांना दोघांनी धरलं. आमचे मालक मागून आले ते चपलांसकट पाण्यात उतरले.

मी गाडीकडे बघितलं. तोंडातून शब्द काढला नाही. ते माझं नव्हतं. मान वळवली तर आक्काही तिकडेच बघत होत्या.

"छगन," त्या ओरडल्या, "दार काढ!"

"वैनी, आंदणाचं?"

"बापानं पोरीचं घर राखायला दिलंया. राखू दे! काढ म्हणते ना!"

चौघांनी दार उतरवलं, भगदाडात उभं केलं आणि पाठी लावल्या. आमचे मालक आणि आबासाहेब खांद्याला खांदा लावून, सकाळचं भांडण विसरून, एका दाराला टेकले. आम्ही बायकांनी हातांनी माती लोटली. उद्यासाठी राखून ठेवलेलं लुगडं मी नव्या घराच्या कौतुकानं आजच नेसले होते, ते कमरेपर्यंत चिखलात गेलं. दार करकरलं, थोडं सरकलं, आणि थांबलं. पाणीही थांबलं, वळलं, आणि चारीतून पुढे निघून गेलं. अंगणात घोट्याएवढं साचलं होतं, पण भिंती उभ्या होत्या. लोकांनी एवढा ओरडा केला, की शेरडं परत घाबरली.

तेवढ्यात पाटकरी सायकलवरून आला. सरकारी माणूस असल्यामुळे तो सगळं झाल्यावर आला. त्यानं दार बघितलं, वाकून खालची माती बघितली आणि म्हणाला, "पाण्याची पाळी संपल्याबिगर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. काढलं तर सगळी वस्ती वाहून जाईल."

आक्का चिखलानं माखलेले हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. "लंका," त्या म्हणाल्या, "आता तुजं बी घर उघडं आन् माजं बी."

आम्ही दोघी अशा हसलो, की आमच्या नवऱ्यांना लाज वाटली.

सकाळी मी चौकटीला आंब्याच्या डहाळीचं तोरण बांधलं. पडदा लावावा का, असं मालक म्हणत होते. मी नको म्हटलं. पडदा लावला की लोक मागे काय आहे ते शोधतात. पण हेही स्थळ परत गेलं तर पुष्पीच्या तोंडाकडे कुठल्या तोंडानं बघायचं?

पाहुण्यांच्या आधी आक्का आल्या. धुतलेलं लुगडं, ठसठशीत कुंकू. न विचारता उंबऱ्याशी बसल्या. म्हणाल्या, "मोकळी चौकट बरी दिसत न्हाई. मी बसते."

बनुबाई आल्या, नवऱ्याला आणि मुलाला घेऊन. चौकटीशी थांबल्या. वर बघितलं, खाली बघितलं, बिजागरीच्या खिळ्यांच्या ताज्या भोकांवरून बोट फिरवलं.

"दार?"

मालकांना खोकला आला. मी तोंड उघडलं, पण आक्का आधी बोलल्या. "पाटावर गेलंय. पानी अडवायला."

"कुनाचं दार?"

"आमच्या दोघींचं," आक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. आंदण, भांडण, भगदाड, हातवारे करून, मधे मधे उठून. पाणी कसं आलं ते दाखवताना पाहुण्यांच्या टोप्यांना हात लागला. पुष्पी चहाचा ट्रे घेऊन येऊन उभी राहिली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"चला, बघू तरी," बनुबाई म्हणाल्या.

"चहा?" मी म्हटलं.

"चहा आल्यावर."

गोदावरीकाठची बाई ती, तिला पाण्याचं काय कौतुक? पण पाण्यात उभं असलेलं दार तिनंही बघितलं नव्हतं. आम्ही सगळे निघालो. पाहुणे, आम्ही, आक्का, आळीतली पोरं, मागे साळूबाई. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असा वरातीसारखा निघालेला मी पुन्हा बघितला नाही.

दार तसंच उभं होतं. कडीपर्यंत पाणी. पलीकडे आक्कांचं घर सुखात वाळत होतं. बनुबाईंनी वाकून दाराच्या फळीवर थाप मारून बघितली. मग पुष्पीकडे वळल्या.

"आन् काल तू कुठं हुतीस गं?"

"घरात," पुष्पी म्हणाली. "चौकटीत बसले होते. देव घेऊन."

"एकटीच?"

"आई दाराच्या मागं गेली, बाबा आईच्या मागं गेले. घर असं उघडं टाकून मी कुठं जाणार?"

मुलगा इतका वेळ पाण्याकडे बघत होता, तो आता पुष्पीकडे बघायला लागला. बनुबाई हसल्या. नजरेची बाई हसली की काय दिसतं ते मला तेव्हा कळलं.

"साखर हाय का घरात?" त्यांनी मला विचारलं.

"आहे की."

"मग सगळी चहात घालू नगा. तोंड गोड कराया ठिवा थोडी." आणि भरावावरून उतरताना त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडे नाही, पुष्पीकडे. "धर गं. माती वली हाय."

पुष्पीनं हात धरला. आक्कांनी मला कोपरानं असं ढोसलं, की माझा पाय घसरला.

"ढोसू नका, आक्का, पडेन पाण्यात!"

"पड की," त्या म्हणाल्या. "दार हाय अडवायला."