कुणी न ऐकलेलं कडवं

मी गाण्यांची एक काळी तबकडी बोलतेय. जवळ या, पण मला कडेनेच धरा. मधल्या कागदाला बोट लावू नका. तिथे कुणी हात नेला की अजून माझा जीव धसकतो.

माझा जन्म दूरच्या एका बेटावरच्या किंग्स्टन शहरातला. माझ्यावर रॅन्सफर्ड टुलॉक या गवयाची दहा गाणी आहेत, मैदानात नाचायची, तिकडे 'डान्सहॉल' म्हणतात ती. त्याचं नाव माझ्या मधल्या कागदावर लाल अक्षरांत छापलं होतं. ते मी एकच दिवस मिरवलं.

मला कथबर्टने विकत घेतलं. त्याचे कर्णे कपाटाएवढे होते. दर शनिवारी ते मैदानात रचून तो गाणी लावायचा. मला घरी नेताच त्याने खिळा घेतला आणि ते नाव खरवडून काढलं. गाणं कुणाचं, हे पलीकडच्या कर्णेवाल्याला कळू नये म्हणून. तेव्हा सगळेच तसं करत. तरी मला ती चोरीच वाटली. त्या दिवसापासून मी कुठल्याच हातावर विश्वास ठेवला नाही.

मैदानात माझं पहिलं गाणं लागलं की लोक कुंपणाचे पत्रे बडवून ओरडायचे, "परत! परत!" कथबर्ट लगेच सुई उचलायचा आणि पुन्हा सुरुवातीपासून लावायचा. एका रात्रीत सात-सात वेळा. लोक खूश व्हायचे. मी मात्र मनात म्हणायची, यांना गाणं आवडतं की नुसती त्याची सुरुवात?

रॅन्सफर्डने आणखी दोन तबकड्या काढल्या. नावच कुणाला माहीत नाही, तर घेणार कोण? तो नारळपाणी विकू लागला. त्याच्याकडच्या तबकड्या मोठ्या वादळात गेल्या.

वर्षं लोटली. वस्तीच्या सभागृहात गवयांच्या नावांची भिंत उभारायचं ठरलं. गाणं खरंच त्याचं का, याची खात्री करायला यादी करणाऱ्या मर्लीनबाई एका दुपारी रॅन्सफर्डला घेऊन कथबर्टच्या ओसरीवर आल्या.

"गड्या, तू चौथा," कथबर्ट हसला. "आधी तिघे येऊन गेले. तिघेही म्हणाले, हे गाणं माझंच!"

"नाव खरवडलं कुणी? तुझ्या खिळ्यानेच ना?" रॅन्सफर्ड म्हणाला.

"मी दुकानातून तबकडी घेतली. गवयाचं तोंड कुठे पाहिलं होतं?"

"मग गाऊन दाखवतो."

"काका, राग मानू नका," मर्लीनबाई म्हणाल्या, "हे गाणं आमच्या शेजारचा पोपटसुद्धा म्हणतो. त्याचंही नाव भिंतीवर लावू का?"

खरं सांगते, मलाही संशय आला. हा घोगरा, दात पडलेला आवाज माझ्यातला कसा असेल?

म्हातारा उठला. पायरीपर्यंत गेला आणि वळला. "कथबर्ट, शेवटचं कडवं तुला येतं?"

"न यायला काय झालं? शेवटचं..." कथबर्ट अडखळला. चाळीस वर्षांत त्याने माझी सुई तिथवर कधी जाऊच दिली नव्हती.

रॅन्सफर्ड उभ्यानेच गायला:

"बाजारातून आयसिल्डा आली, टोपलीत मासे दोन,
एक दिला शेजाऱ्याला, उपाशी राहिलं कोण?"

'उपाशी'पाशी त्याने श्वास घेतला. "माझी आई," तो म्हणाला आणि खाली बसला.

कथबर्टने मला लावलं. लोकांनी ऐकून ऐकून झिजवलेला भाग खरखरत गेला. मग सुई कोऱ्या वाटेवर आली. आयसिल्डा आली. मासे आले. 'उपाशी'पाशी तोच श्वास आला.

मर्लीनबाईंनी वही उघडली. कथबर्टने मला उचललं. त्याच्या हातात काहीतरी टोकदार दिसलं आणि मी आकसले. आता खरवडायला उरलंय तरी काय?

पेन होतं. त्याने त्या ओरखड्यांवर 'रॅन्सफर्ड टुलॉक' लिहिलं.

"शाई टिकेल ना?" रॅन्सफर्डने विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

"पुसली तर पुन्हा लिहीन. बस आता. अजून नऊ गाणी आहेत."

हातांबद्दलचा माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. म्हणून तुम्हालाही विनवते, आवडलं तरी मध्येच सुई उचलू नका. आई शेवटी येते.