पडद्यावर आडवी पडणारी माणसं

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या मोठ्या पडद्यावर एका धडधाकट ट्रकड्रायव्हरचा फोटो उमटला, तोही चक्क आडवा. फोटोतला ड्रायव्हर आडव्यानेच हसत होता. खुर्चीत बसलेला खरा ड्रायव्हर मात्र पांढराफटक पडला.

"काळाने हात लावलाय," पडदेबाबा डोळे मिटून म्हणाले. "फोटो तुझ्या बायकोने वेबसाइटवर चढवला. मी बोटही लावलं नाही. मी फक्त बघतो. बघणाऱ्याला काय दोष?"

पुढचा फोटो अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीचा. तो सरळ आला.

"आजी वाचल्या. औषधं बंद करा. औषध घेणं म्हणजे माझ्यावर संशय घेणं."

टाळ्या पडल्या. आईही टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी बसलेली तिची थोरली मुलगी दातओठ खात होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. वडिलांचं हृदय अधू, ते महिनाभर पलंगावरच होते. आईने त्यांचा फोटो चढवला, तो सरळ आला आणि त्याच दिवशी गोळ्या कचऱ्यात गेल्या. आता वडिलांचे पाय सुजले होते, आडवं झालं की त्यांचा जीव घुसमटायचा. थोरली भांडली, रडली, आईच्या पाया पडली. आईचं एकच पालुपद, "डॉक्टर चुकतो. पडदा चुकत नाही."

आज थोरली मुद्दाम पडदा बघायला आली होती. बरेच फोटो पाहून झाल्यावर ती उठली.

"बाबा, माझाही एक पेशंट आहे. आत्ताच पाठवते."

तिने फोन उभा धरून कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाचा फोटो काढला आणि चढवला. पडद्यावर पिंप आडवं पडलं.

"हे कधी जाणार, बाबा?"

कोणीतरी फिसकन हसलं. तिने फोन आडवा धरून पुन्हा फोटो काढला. पिंप सरळ.

"वाचलं बिचारं. औषधाशिवाय."

मग तिने फोन उभा धरून बाबांचाच फोटो काढला. बाबा पडद्यावर भुईसपाट.

"लोकांचं अरिष्ट मी अंगावर घेतलंय," बाबा घाम पुसत म्हणाले.

"थांबा, उतरवते." तिने फोन आडवा केला आणि बाबा सरळ झाले.

"फोन कसाही धरा," थोरली लोकांकडे वळली, "कॅमेरा चित्र एकाच बाजूने साठवतो. फोन उभा असेल तर सोबत एक खूण ठेवतो, की दाखवताना हे फिरवा. आपले फोन ती खूण वाचतात, यांचा जुनाट संगणक वाचत नाही. उभ्या माणसासाठी आपण फोन उभा धरतो, म्हणून तो इथे आडवा पडतो. पलंगावरचा माणूस पुरता मावावा म्हणून फोन आडवा धरतो, तो सरळ येतो. धडधाकट माणसं भीतीने खंगतात आणि आजारी माणसं औषध सोडून मरतात. एवढाच चमत्कार."

आई तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी फोन आडवा धरला, म्हणून?"

"हो," थोरली म्हणाली. तिला त्या क्षणी आईची दया आली नाही.

वडिलांना त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. "गोळ्या चालू असत्या तर ही वेळ आली नसती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवडाही न काढता ते गेले. थोरलीचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण त्याचा वडिलांना उपयोग झाला नाही.

पडदेबाबांनी गाव बदललं, संगणकही बदलला. नवा संगणक ती खूण वाचतो. आता सगळ्यांचेच फोटो सरळ येतात आणि सगळ्यांच्याच गोळ्या बंद होतात.

आई बस पकडून तिथे जाते, हॉलच्या दाराशी उभी राहते. येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, "बाई, फोटो खुशाल दाखवा. पण गोळी बंद करा म्हणाला, तर का ते विचारा. उत्तर पटेपर्यंत विचारा. मी विचारलं नाही, माझा नवरा गेला."

एखादी थांबते. बाकीच्या तिला बाजूला सारून आत जातात.