डागी टोपली

माझी जीभ फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं फळं-भाजी विकतेय. गोडवा फळांत असला म्हणजे झालं, तो माझ्यात कशाला हवा?

गाळ्यावर माझ्या पायाशी एक टोपली असते. दबलेली, डाग पडलेली फळं त्यात टाकायची आणि पाव किमतीत द्यायची. या डागी टोपलीचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं. ती बाई कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासायची. कुठे टाका सुटलाय, कुठे तेल लागलंय, हे बघायचं तिचं काम. फळंही तशीच फिरवून फिरवून बघायची. म्हणून मी तिचं नाव 'तपासनीस' ठेवलं होतं आणि तोंडावर म्हणायचेही, "या तपासनीसबाई, काढा खोट!" ती काही हसायची नाही. घरी ती आणि सात वर्षांची मुलगी, तिसरं कुणी नाही. मुलीच्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी पालेभाजी आणि फळं खायला सांगितलेली. सांगायला डॉक्टरांचं काय जातं!

मग ती योजना आली. कमी कमाईच्या घरांना कार्डं मिळाली. जेवढ्याची भाजी-फळं घ्याल, तेवढ्याचीच हिरवी कुपनं हातात. त्यांवर पुन्हा भाजी-फळंच घ्यायची. खांबाजवळ टेबल टाकून एक मुलगी कुपनं वाटायला बसली. हे सगळे कागदी घोडे, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पहिल्याच दिवशी तपासनीस कुपनं घेऊन आली आणि सवयीने डागी टोपलीपाशी वाकली.

"त्यावर कुपन चालत नाही," मी म्हटलं. "चांगल्या मालावरच चालतं."

"म्हणजे फुकट हवं असेल तर महागातलंच घ्यायचं?"

"नियम काय मी केलाय? माझ्यावर कशाला डाफरतेस?"

तिने तीन सफरचंदं घेतली, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी.

पुढच्या शनिवारी ती मुलीला घेऊन आली. मी ढिगातलं एक लालबुंद सफरचंद पोरीच्या हातात दिलं. तिने ते आईसारखंच चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"मावशी, हे कापलेलं नाही."

"तसंच खायचं असतं गं, चावून."

"अख्खं? मग डाग कुठनं काढायचा?"

मी मोठ्याने हसले. मग तिच्या आईचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. आजवर पोरीपुढे यायच्या त्या डाग काढून उरलेल्या फोडी. आंब्यात कोय असते तसा सफरचंदात डाग असतोच, अशी तिची समजूत होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि ते लपवायला मी शेजारच्या गाळेवाल्याशी उगाच भांडले.

वर्षभर दोघी येत राहिल्या. पोर निवडायला शिकली, गाजर मोडून बघायला शिकली. गालांवर लाली आली. एकदा आईने घडी घातलेला कागद उघडून माझ्यापुढे धरला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. "रक्त वाढलंय, ताई," ती म्हणाली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आणि एका सकाळी खांबावर कागद चिकटवलेला दिसला. योजनेची मुदत संपली. ना टेबल, ना कुपनं वाटणारी मुलगी. विचारणार तरी कुणाला?

तपासनीस पुन्हा डागी टोपलीपाशी आली, एकटीच. टोपलीत दोनच सफरचंदं होती.

"पोर कुठंय?"

"तिला सांगितलंय, सफरचंदांचा मोसम संपला."

तिच्या डोळ्यांसमोर लाल सफरचंदांचा ढीग होता. मी त्यातली चार उचलून तिच्या पिशवीत टाकली. तिने ती एकेक करून परत जागेवर ठेवली.

"ताई, कुपन सगळ्यांना होतं. हे मला एकटीला आहे."

मी ढीग पुन्हा नीट रचला. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पुढच्या शनिवारी गाळा उघडताना चांगली आठ सफरचंदं घेतली, प्रत्येकाच्या देठाजवळ अंगठा दाबला आणि डागी टोपलीत टाकली. दुपारपर्यंत डाग छान तपकिरी झाले.

ती आली. एक उचललं, फिरवलं. मग दुसरं, मग तिसरं. आठही फळं तिने फळीवर ओळीने मांडली, डाग वर करून. चोराच्या मनात चांदणं. मी गाजरं रचायला लागले.

"ताई, दहा कपड्यांना दहा जागी डाग असले तर आम्ही कापडाला दोष देतो," ती हळू आवाजात म्हणाली. "दहांनाही एकाच जागी असला, तर मशीनवर कोण बसलं होतं ते बघतो."

तिने माझा हात धरला आणि अंगठा एका डागावर ठेवला. बरोबर बसला.

"पोरीसाठी केलं गं."

"माहीत आहे मला." तिचे डोळे भरून आले होते. "म्हणूनच नको. पुढच्या शनिवारी मी हाच डाग शोधत येईन. तिला पुन्हा सवय लागेल. तुम्ही तरी किती दिवस पुरणार? मग मला पुन्हा मोसम संपवावा लागेल."

तिने पालकाची एक जुडी घेतली, पैसे दिले. दोन पावलं गेली आणि वळली.

"ती शाळेतून इथूनच जाते. काही विचारलं तर माझं खोटं उघडं पाडू नका. एवढं करा माझ्यासाठी."

"नाही पाडणार," मी म्हटलं.

त्यानंतर ती माझ्या गाळ्यावर आली नाही.

दीड महिन्याने पोर आली. दप्तर पाठीला, गाल पुन्हा उतरलेले. ढिगासमोर बराच वेळ उभी राहिली.

"मावशी, आई म्हणते मोसम संपला. मग ही कुठली?"

माझा हात आपोआप वरच्या सफरचंदाकडे गेला. एक दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग ती घरी जाऊन सांगणार होती. मी हात मागे घेतला.

"ही खरी नाहीत गं. मेणाची आहेत. शोभेला ठेवलीत."

तिने नाक जवळ आणलं. "वास पण येतोय."

"वास पण लावलेला असतो."

काचेच्या दुकानात मुलं ठेवतात तसे तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "छान केलीत," म्हणाली आणि निघाली.

मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने एक किलो सफरचंदं मागितली. पोर कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी तराजूला हात लावला नाही.