मेंग, कोंग आणि गवताचा पट्टा

माझं आडनाव कोंग. लग्नानंतरही मी कोंगच राहिले, त्यात काही विशेष नाही, आमच्या कोरियात सगळ्याच राहतात. पण माझ्या नशिबाने मला नवरा मिळाला तो मेंग. लग्नाच्या हॉलात निवेदकाने माइकवरून पुकारलं, "वर मेंग छांग-शिक, वधू कोंग ओक-ह्वा," आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मेल्याने आवाज काढला, "मेंग-कोंग! मेंग-कोंग!" सगळा हॉल खदाखदा हसला. मीही हसले. हे मात्र हसले नाहीत. आजतागायत हसलेले नाहीत.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. मेंगकोंगी म्हणजे पाणथळातला तो गुबगुबीत, आखूड तोंडाचा बेडूक. एक "मेंग" म्हणतो, दुसरा "कोंग" म्हणतो, म्हणून तो मेंगकोंगी. आणि आमच्याकडे मठ्ठ माणसालाही मेंगकोंगीच म्हणतात. शाळेत यांना कुणी धड नावाने हाकच मारली नाही. गणित चुकलं की मेंगकोंगी, पळताना पडले की मेंगकोंगी. त्या बेडकाचं नाव काढलं की अजूनही यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

आणि देवाची करणी बघा, निवृत्तीनंतर आम्ही फ्लॅट घेतला तो नेमका मेंगकोंगींच्या शेजारी.

आमच्या वसाहतीचं नाव 'लेक फॉरेस्ट हिल'. एवढं लांबलचक नाव का, तर म्हणे किंमत वाढते. यातलं लेक म्हणजे आमच्या, दोनशे दोन नंबरच्या इमारतीमागचं डबकं. फॉरेस्ट म्हणजे त्या डबक्याभोवतीचा गवताचा पट्टा. आणि हिल कुठे ते मला अजून सापडलेलं नाही, कचरा वेगळा करायच्या दिवशी पुठ्ठ्यांचा ढीग होतो तीच असावी. बांधकामाला परवानगी देताना नगरपालिकेने अट घातली होती की डबकं आणि भोवतालचा पट्टा मेंगकोंगींसाठी राखीव, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. लहानसं कुंपणही घातलं होतं.

आता आमच्याकडे भांडण कशावरून होतं? पार्किंगवरून. गाड्यांना जागा नाही म्हणून लोक दुसऱ्याच्या गाडीपुढे गाडी आडवी लावतात, न्यूट्रलमध्ये सोडतात आणि वर जाऊन झोपतात. ज्याला निघायचंय त्याने ढकलावी. सकाळी ऑफिसचे कपडे घालून माणसं गाड्या ढकलताना बघितली की वाटतं, सगळ्या वसाहतीचं पेट्रोल संपलंय. अशीच एकाची धुडासारखी गाडी ढकलताना यांच्या कमरेत उसण भरली. कमरेला औषधी पट्ट्या लावून झोपले होते, तिथेच ठरवलं की निवडणुकीला उभं राहायचं. घोषणा एकच होती : 'बेडकांना डबकं, माणसांना पार्किंग.' म्हणजे डबकं ठेवायचं आणि भोवतालचं गवत काढून सिमेंट ओतायचं. निवडून आले. वसाहतीचे अध्यक्ष झाले. नाव भरतकामात लिहिलेलं जाकीट शिवून घेतलं आणि ते घालूनच कचरा टाकायला जायला लागले.

मी काहीच बोलले नाही. आमच्या घरात बोलण्याची पद्धतच उरली नव्हती. हानुल, आमची मुलगी, लग्न होऊन बुसानला गेली तेव्हापासून. ती होती तोवर तिच्यामार्फत बोलणं व्हायचं. "बाबांना सांग जेवायला या." "आईला सांग, आलो." ती गेली आणि आमची टपालगाडीच बंद पडली. हे बातम्या लावून बसायचे, मी भाजी निवडत बसायची. पावसाचे चार दिवस आले की मागची खिडकी उघडायची. खाली एक म्हणायचा "मेंग", दुसरा लगेच म्हणायचा "कोंग". एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने उत्तर दिलं नाही असं कधी झालं नाही. खरं सांगते, त्या आवाजाने घरात माणसं असल्यासारखं वाटायचं. वर्षभर मी त्या चार दिवसांची वाट बघायची. वेडी म्हणा हवं तर.

नगरपालिकेचा नवा नियम आला की, जिथे या हंगामात बेडूक ओरडताना आढळणार नाहीत तिथला राखीव पट्टा सोडून देता येईल. तपासायला पर्यावरण विभागातून प्योबाई यायच्या. सडपातळ बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात आवाज टिपायचं यंत्र. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना बार्लीचा चहा दिला आणि विचारलं, "काय हो, नुसतं डबकं ठेवलं तर नाही का चालणार?"

"नाही ना. डबक्यात ते फक्त पावसात उतरतात, अंडी घालायला. बाकी वर्षभर राहतात गवताच्या मातीखाली, बिळं करून. डबकं म्हणजे त्यांचा लग्नाचा हॉल. हॉलात कुणी संसार करतं का?"

मला एकदम पटलं. मग मी जरा लाजत विचारलं, "मेंग म्हणतो तो नवरा आणि कोंग म्हणते ती बायको, असंच ना?"

"छे! दोघंही नर. एकमेकांवर कुरघोडी चालते त्यांची."

"आणि बाई?"

"बाई गप्प असते. ती ऐकते आणि ठरवते."

इतक्या वर्षांचा माझा समज असा धुऊन निघाला. पण हेही काही वाईट नव्हतं.

तर यंदा पाऊस नावापुरता. प्योबाई दोनदा येऊन गेल्या, बेडूक मूग गिळून बसलेले. तिसरी भेट शेवटची. यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. त्या दिवशी सकाळी मात्र धो धो कोसळला. दुपारी उघडीप झाली, आभाळ गच्च भरलेलं, माती मऊ झालेली. मी मनात म्हटलं, आज बोलतील. बोला रे बाबांनो, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या डोक्यावर सिमेंट.

इतक्यात घरातल्या भिंतीवरच्या, वसाहतीच्या सूचनांच्या स्पीकरमधून यांचा आवाज आला. "रहिवाशांना विनंती. आज दुपारी गवत कापण्याचं काम होईल. थोडा आवाज होईल, सहकार्य करावं." आणि खाली घर्रर्र सुरू झालं. डबक्यापलीकडच्या रस्त्यावर, जिथे कापायला गवताची काडी नाही, तिथे एक माणूस पाठीवर मशीन बांधून हवा कापत फिरत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एप्रन तसाच, पायात बाथरूमच्या चपला, मी खाली उतरले.

खाली अर्धी वसाहत जमलेली. महिला मंडळाच्या ग्वाकबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या, जणू सामना आहे. प्योबाई कुंपणाशी यंत्र धरून उभ्या, कपाळाला आठ्या. "अध्यक्ष, मशीन थांबवा ना. काही ऐकू येत नाही."

"कंत्राट आजचंच आहे, बाई," हे जाकिटाची चेन वर ओढत म्हणाले. "मी तरी काय करणार?"

मी डबक्याच्या अलीकडे, हे पलीकडे.

"अहो!" मी ओरडले. मशीन घर्रर्र.

"अहो, हानुलचे बाबा! बंद करा ते!"

यांनी ऐकलं. मला नक्की माहीत आहे, ऐकलं, कारण मान मुद्दाम दुसरीकडे वळवली. बातम्या बघताना वळवतात तशीच.

मग माझं मलाच कळलं नाही काय झालं. मी पोटापासून ओरडले, "मेंग!"

बायकोने नवऱ्याला नुसत्या आडनावाने हाक मारायची! तीही अध्यक्षाला, भर लोकांत! ग्वाकबाई खुर्चीतून उठल्या. मशीनवाल्याने मशीनच बंद केलं आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. यांचा चेहरा तिखटाच्या डब्यासारखा लाल.

"को... कोंग!" ते ओरडले. "लाज आहे का?"

"मेंग! लाज मला विचारता? हवा कापायला माणूस लावलाय!"

"कोंग! घरी चल!"

"घरी? कशाला? घरात माझ्याशी बोलणारे हे बेडूक तेवढे आहेत, त्यांचीही तोंडं बंद करताय, मेंग!"

"कोंग!"

मला दम लागला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचाच जास्त राग येत होता. सगळी वसाहत चिडीचूप झाली.

आणि गवतातून आवाज आला, "मेंग."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बंद होतं.

पलीकडून आवाज आला, "कोंग."

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. यांचंही तोंड बंद.

"मेंग." "कोंग." "मेंग." "कोंग." मग तिसरा, चौथा, सगळा पट्टाच बोलायला लागला. प्योबाई यंत्र उंच धरून श्वास रोखून उभ्या. "कुणीतरी सुरुवात केली की मग त्यांना राहवत नाही," त्या पुटपुटल्या.

लोक कुंपणाकडे धावले, तसे बेडूक चटकन गप्प झाले. पण यंत्रात सगळं आलं होतं.

"काय आलंय त्यात?" ग्वाकबाई कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. ग्वाकबाईंची नवी गाडी दोन महिने दुसऱ्याच वसाहतीत लावलेली होती. "नवरा-बायकोचं भांडण आलंय. मेंग काय, कोंग काय, सगळं या दोघांनीच केलं. बेडूक-बिडूक काही नाही. अध्यक्ष, सांगा की तुम्हीच! आवाज तुमचा आहे ना?"

प्योबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. खरंच, ऐकताना गोंधळ व्हावा असंच होतं. मशीनची घरघर, माझं किंचाळणं, यांचं ओरडणं आणि नंतर ते मेंग-कोंग. त्यांनी यांच्याकडे बघितलं. "वसाहतीचे प्रतिनिधी तुम्हीच. मी नोंद काय करू? इथून शेवटपर्यंतचे मेंगकोंगीचे आवाज अध्यक्षांचे, असं लिहू?"

एक "हो" म्हटलं की झालं. पट्टा सुटला, सिमेंट आलं, निवडणुकीतला शब्द पाळला गेला. सगळे यांच्या तोंडाकडे बघत होते. ग्वाकबाई मान हलवून हलवून "म्हणा, म्हणा" करत होत्या.

"काय लिहिणार म्हणालात?" यांनी हळू विचारलं.

"की मेंगकोंगी तुम्ही होता."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. एकच हसू, पण मला ते लग्नाच्या हॉलातलंच वाटलं. यांच्या मानेची शीर ताठ झाली.

"मी माणूस आहे!" हे गरजले. "पहिला आवाज माझ्या बायकोचा. दुसरा माझा. आम्ही दोघं माणसं. तशीच नोंद करा! आणि ते नंतरचे सगळे," त्यांनी गवताकडे बोट रोखलं, "ते मेंगकोंगी!"

"नक्की?"

"जन्मभर ऐकत आलोय, बाई. मला नाही कळणार?"

प्योबाईंनी लिहून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि बूट वाजवत निघून गेल्या. ग्वाकबाईंनी खुर्ची फटकन मिटली. "पुढच्या निवडणुकीत बघू," म्हणाल्या. मशीनवाला पैसे मागायला आला, तर हे त्याच्यावर दोन मिनिटं ओरडले.

संध्याकाळी मी देंजांगचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा केला, भात वाढला, मुळ्याची आंबट-तिखट किमची ठेवली. मला वाटलं, आता महिनाभर अबोला. त्यात नवीन काय, म्हणून मी निमूट जेवायला बसले. यांनी बातम्या लावल्या नाहीत. बराच वेळ भातात चमचा फिरवत बसले.

"खाली ओरडलीस ते खरं?" त्यांनी विचारलं.

"काय ओरडले?"

"की तुझ्याशी बोलणारे तेच तेवढे आहेत."

मला खोटं बोलता आलं असतं. "रागात निघून गेलं तोंडातून," म्हटलं असतं की मिटलं असतं. पण मला मिटवायचं नव्हतं. "खरं," मी म्हटलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग बोल."

आता इतक्या वर्षांचं एकदम कुठून काढणार? मी गडबडले. "आधी जेवा, गार होईल."

"होऊ दे. तू बोल."

मी सुरुवात केली ती हानुल बुसानला गेली त्या दिवसापासून. रस्सा गार झाला, भात सुकला. यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, तेही "मग?" म्हणायला.