ओव्हनपाशी हात जप

साक्षीच्या आईने फोन ठेवता ठेवता सहज म्हटलं, “ओव्हनपाशी हात जपत जाय, बेटा.” साक्षी हो म्हणाली, फोन बंद झाला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आईला ओव्हनचं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

जळगावात सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे साक्षी बर्लिनला कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेत होती. तिचे वडील भटूभाऊ, म्हणजे तिचे अण्णा, पाइपच्या कारखान्यात कामाला. तिथे चहाच्या वेळी लेकीचा विषय निघाल्याशिवाय त्यांचा कप रिकामा होत नसे. पण गेल्या उन्हाळ्यात साक्षीने ते शिक्षण सोडलं होतं. एका विषयात पुन्हा पुन्हा नापास झाली, शेवटी परीक्षेला बसलीच नाही, आणि ज्या बेकरीत फावल्या वेळात काउंटरवर उभी राहायची, तिथेच रीतसर शिकाऊ म्हणून लागली. कणीक हातात आली की तिचं डोकं शांत होई. मनगटांवर तापलेल्या ट्रेच्या चटक्यांचे डाग पडले होते. व्हिडिओ कॉलच्या वेळी ती थंडीचं निमित्त करून लांब बाह्यांचा स्वेटर घाली.

हे ठाऊक असलेली माणसं दोनच, आणि दोघं तिच्याच फ्लॅटमध्ये राहत. नूतन धुळ्याची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. कुंदन मुक्ताईनगरचा, मातीवर संशोधन करणारा. परक्या शहरात तिघांनी मिळून बरंच काही निभावलं होतं. बाल्कनीत भरताची वांगी भाजताना धूर पाहून खालच्या बाईंनी अग्निशमन दल बोलावलं, तेव्हा नूतनने तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये त्या जवानांना वांगं समजावून सांगितलं होतं. कुंदन हाफ पँटवर कचरा टाकायला खाली गेला आणि बर्फात बाहेरच अडकला, तेव्हा साक्षी बेकरीतून धावत येऊन त्याला आत घेऊन गेली होती. अशा माणसांवर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर येणारी गोष्ट. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की गप्प बसत नाही.

कुंदन तसा भोळा. नूतनवर मात्र बोट जात होतं. तिची आई पुष्पाबाई नात्यातल्या एका लग्नाचे दागिने घ्यायला जळगावला आली होती, ती साक्षीच्याच घरी उतरली. तेव्हापासून दोघींच्या आया एकमेकींना फोन करत. नूतनने आईला सांगितलं, तिने साक्षीच्या आईला, मंदाबाईंना. सरळ हिशेब.

खात्री करायची म्हणून साक्षीने एक युक्ती केली. नूतनला सांगितलं, मी केस अगदी बारीक कापून टाकणार आहे. कुंदनला सांगितलं, मी मांजर पाळायचं ठरवलंय. आईला या दोन्ही गोष्टींचा भयंकर तिटकारा. जी गोष्ट आईच्या तोंडून येईल, तिच्यावरून चोर सापडणार होता.

रविवारी आईचा फोन आला. जामनेरच्या मावशीची तब्येत, गल्लीत खोदून ठेवलेला रस्ता, धाकट्या भावाचा, धम्मपालचा निकाल, सगळं झालं. केसांचं नाही, मांजराचंही नाही. उलट कुंदननेच आपल्या प्राध्यापकांच्या घरी मांजरीला पिल्लं झाल्याची बातमी आणली, आणि ती पाहायला कधी जायचं म्हणून तो रोज विचारू लागला. साक्षी ओशाळली, पण संशय काही गेला नाही. नूतन सावध झाली असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

मग ती नूतनकडे निरखून पाहू लागली, आणि जिकडेतिकडे तिला खुणा दिसू लागल्या. नूतन हल्ली फोन आला की बाल्कनीत जाऊन दार लोटून घ्यायची. साक्षी स्वयंपाकघरात आली की बोलणं तोडायची. एका संध्याकाळी दार नीट लागलं नव्हतं. नूतन हलक्या आवाजात आपल्या भावाशी अहिराणीत बोलत होती, “तिले काही सांगू नको, दादा. बठ्ठं मी देखी लिसू.”

तिला काही सांगू नको. सगळं मी बघून घेईन. साक्षीला वाटलं, आता आणखी कसला पुरावा हवा?

मंगळवारी साक्षीला सुट्टी असे. त्या मंगळवारी नूतन लॅपटॉपची बॅग घेऊन निघाली, तशी साक्षी थोडं अंतर ठेवून तिच्या मागे गेली. काय शोधायचं होतं, ते तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. बर्लिनभोवती गोल फिरणारी एक लोकल गाडी आहे. त्या गाडीत नूतन चढली, शेजारच्या डब्यात साक्षी. नूतनच्या ऑफिसचं स्टेशन आलं आणि गेलं. नूतन उतरली नाही. तिने लॅपटॉप मांडीवर उघडला होता. नदी गेली, कारखान्यांच्या चिमण्या गेल्या, लोक चढले, उतरले, आणि पूर्ण फेरा मारून गाडी परत त्यांच्याच स्टेशनात आली. नूतन जागची हलली नव्हती. गाडी पुन्हा सुटली, तेव्हा मात्र साक्षीला राहवलं नाही. ती डबा बदलून तिच्यासमोर जाऊन बसली.

“ऑफिसला नाही गेलीस?”

नूतनने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग ती ओसरली आणि दुसरंच काही आलं.

“तू माझ्या मागे आलीस?”

साक्षीने सगळं सांगून टाकलं. ओव्हन, आईचा फोन, केस, मांजर, बाल्कनीतलं बोलणं. नूतनने लॅपटॉप मिटला. मग तिने खिडकीबाहेर पाहत आपलं सांगितलं. कंपनीने तिचा विभागच बंद केला होता, तिची नोकरी गेली होती. दुसरी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा संपून परत जावं लागणार होतं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून धुळ्यात फक्त भावाला, जितेंद्रला, ठाऊक होतं. “तिले” म्हणजे पुष्पाबाई. फ्लॅटवर बसून राहिली असती तर दुपारी घरी येणाऱ्या साक्षीला कळलं असतं, म्हणून ती रोज इथे बसून अर्ज करायची. गाडी उबदार असते आणि कुणी काही विचारत नाही.

“आम्हाला का नाही सांगितलंस?” साक्षीने विचारलं.

“सांगणार होते. तुझं गुपित मी इतके महिने जपलं, साक्षी. आणि तू मला चोर ठरवून मोकळी झालीस.”

पुढच्या स्टेशनवर नूतन उतरून गेली.

साक्षीने तिथूनच आईला फोन लावला आणि सरळ विचारलं, तुला कुणी सांगितलं? धम्मपालने दाखवलं, मंदाबाई म्हणाल्या. बेकरीवाल्यांनी इंटरनेटवर टाकलेल्या एका व्हिडिओत पांढरी टोपी घातलेली साक्षी कुणाशी तरी बोलत पाव वळत होती.

“बऱ्याच दिवसांनी तुला हसताना पाहिलं. म्हणून म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. त्या दिवशी तोंडून निघून गेलं.”

“आणि अण्णांना?”

“ते तू सांगायचं. ते काम मी नाही करणार.”

भटूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. पुढचे कित्येक रविवार ते फोनवर आलेच नाहीत. मग एकदा आले आणि विचारलं, तिकडच्या पावात मैदा असतो की आणखी काही? साक्षी राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाबद्दल बराच वेळ बोलत राहिली. त्यांनी अडवलं नाही.

नूतनची माफी साक्षीने त्याच संध्याकाळी मागितली. नूतन “ठीक आहे” म्हणाली, पण बोलणं पहिल्यासारखं व्हायला हिवाळा सरावा लागला. मांजराची गोष्ट खोटी होती हे कळल्यावर कुंदनही फुगून बसला होता, पण नूतनच्या अर्जांवर रात्रंदिवस तोच खपला. वसंतात तिला हॅम्बर्गला नोकरी मिळाली, आणि त्यानंतरच तिने पुष्पाबाईंना खरं काय ते सांगितलं.

तिला पोचवायला दोघं स्टेशनवर गेले. कुंदनने सामान आत ठेवलं. साक्षी म्हणाली, सुट्टी मिळाली की येते भेटायला.

“ये,” नूतन म्हणाली. “फक्त या वेळी सांगून ये.”

साक्षीने मान खाली घातली. मग नूतननेच तिला जवळ ओढलं.