तळाचा जोड

दादाचे डोळे अधू झालेत, हे कारखान्यात फक्त त्याच्या धाकट्या भावाला ठाऊक होतं, आणि तो तोंडात गुळणी धरून बसला होता.

धाकटा तिथे फोरमन होता, दादा वेल्डर. दादाला कडेचं स्पष्ट दिसायचं, समोरचं मात्र पुसट होत जायचं. डोळ्याचा पडदाच खराब झालाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनीने दिराला दारात गाठून ते सांगितलं आणि वर म्हणाली, "चहा कपात ओततात की टेबलावर, ते मलाच बघावं लागतं. पण तुम्ही त्यांना वेल्डिंगच्या आगीपासून उठवू नका, भाऊजी. घरी बसले तर दोघांनाही वेड लागेल."

ज्याने हाताला धरून काम शिकवलं, त्याला उठवायचं कोणत्या तोंडाने? धाकट्याने वेगळी वाट काढली.

कारखान्यात खाणींसाठी पोलादी टाक्या बनत, दोन मजली घराएवढ्या. खाणीत खडक दळून त्याचा चिखल करतात आणि तो आम्लात घोळवून तांबं सोडवतात. तो चिखल नि ते आम्ल पोटात घेऊन टाकीने वर्षानुवर्षं उभं राहायचं. गोल भिंत तळाला जिथे मिळते, त्या जोडावर सगळा भार येतो. तो जोड दादानेच करायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं.

जोड तपासायची रीत साधी. बाहेरून खडूचा लेप द्यायचा, आतून रॉकेल लावायचं आणि वाट बघायची. केसाएवढी फट असली तरी रॉकेल पलीकडे पोचतं. लेपावर पिवळट डाग उमटला की जोड नापास. मग ज्याचा जोड, त्यानेच तो सगळ्यांदेखत खोदायचा आणि पुन्हा भरायचा, हा तिथला दंडक.

धाकटा सकाळी सगळ्यांच्या आधी येई आणि एकटाच ही तपासणी करून घेई. डाग दिसला की तिथलं रॉकेल पुसून आतून वेल्डिंगचा एक थर चढवी. नंतर सगळ्यांसमोर पुन्हा लेप दिला जाई, तेव्हा तो पांढराशुभ्र राही. आधी खोदायला हवं, हे त्याला कळत होतं. भेगेचं मूळ न काढता वर धातू चढवणं म्हणजे गळू न फोडता पट्टी बांधणं. पण खोदायचं तर ग्राइंडर लावावा लागतो, आणि त्याची किंकाळी पार फाटकापर्यंत जाते. 'दादाचा हात अजून जागेवर आहे,' असं लोक म्हणत, तेव्हा धाकटा हातातल्या कागदांत डोकं घाली.

एके दिवशी एक नवी टाकी पास झाली. दुसऱ्या दिवशी आतून रबराचं अस्तर लागणार होतं, म्हणजे जोड कायमचा झाकला जाणार होता. जेवणाच्या सुट्टीत दादा हातमोजे काढून टाकीच्या माणूस शिरेल एवढ्या झरोक्यातून आत शिरला.

"दादा, टाकीला मालिश करायला निघालास काय?" क्रेनवाल्याने डबा उघडता उघडता विचारलं.

"तुझ्या डोक्यापेक्षा हिला जास्त गरज आहे," दादा आतून म्हणाला. टाकीने ते घुमवून परत दिलं आणि बाहेर हशा पिकला.

धाकटा हसला नाही. तो लगोलग आत गेला. दादा गुडघ्यांवर बसून जोडावरून बोटं फिरवत पुढे सरकत होता. एका जागी बोटं थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"इकडे ये," दादा म्हणाला.

"जेवून घे आधी. डबा गार होतोय."

"हे माझं नाही."

"तुझं नाही म्हणजे? तूच तर केलंयस सगळं."

"माझ्या वेल्डिंगच्या लाटा डावीकडून उजवीकडे जातात. या उलट्या आल्यात. कारखान्यात डावखुरा तू एकटा." दादाचा आवाज चढला नव्हता. "गळत होतं?"

बाहेर कुणीतरी डब्याचं झाकण आपटलं.

"गळत होतं का, विचारतोय."

"थोडंसं."

"खोदून भरलंस?"

"वरून."

दादा भिंतीला पाठ टेकून बसला. "मला सांगितलं असतंस तर मी काय मेलो असतो?"

"तूच म्हणाला होतास, डोळे गेले तरी मला झाडू मारायला ठेवू नकोस म्हणून."

"म्हणालो असेन. माणूस काय वाटेल ते म्हणतो." पुढचा प्रश्न त्याने इतक्या हळू विचारला की टाकीतही तो घुमला नाही. "मागच्या टाकीतही?"

धाकट्याला खोटं बोलता आलं असतं. मागची टाकी खाणीवर जाऊन उभी राहिली होती, अस्तराखालचं तिथे कुणाला दिसणार नव्हतं.

"तिच्यात दोन जागी," तो म्हणाला.

"तिच्या बुडाशी माणसं राबतात रे," दादा म्हणाला आणि उठला. "मालकीणबाईंना तू सांगतोस की मी सांगू?"

"तुला काढतील. मलाही."

"काढू देत. चल."

कारखान्याच्या मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, त्याचीच धाकट्याला जास्त भीती वाटली. त्यांनी खाणीवरच्या सुपरवायझरला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन धाकट्यापुढे सरकवला. "तुम्हीच सांगा."

"टाकी रिकामी करायला घ्या," धाकटा म्हणाला.

पलीकडचा माणूस वैतागला. "भरलेली टाकी आहे, बादली नाही. कारण काय?"

"आधी खालची माणसं बाहेर काढा. पंपापाशी कोण आहे आत्ता?"

"दोघं आहेत. अहो, पण कारण?"

धाकट्याने एकदा दादाकडे पाहिलं. "तळाचा जोड गळत होता. मी तो खोदला नाही, वरवर झाकला. कधीही उघडेल."

"कोण बोलतंय?"

"फोरमन."

पलीकडे खुर्ची करकरली. धावत्या पावलांचा आवाज आला आणि लांब गेला. फोन चालूच राहिला. त्यातून टाकीतला चिखल ढवळणाऱ्या मोटरची एकसुरी घरघर ऐकू येऊ लागली. बाईंनी खुर्च्यांकडे हात केला, पण दोघांपैकी कुणीच बसलं नाही.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"सांगायला गेलाय तो."

दादाने फोनच्या दिशेने कान केला.

"मोटर चालूच आहे. खाली अजून निरोप पोचला नाही," तो म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला. "अजून चालू आहे."